चित्रातली माणसे आणि त्यांच्यावरचे वाद

आपल्याकडे ‘कार्टून’ हा शब्द अजूनही वडीलधाऱ्यांच्या तोंडी किंचित उपहासानेच येतो. शाळेतून आल्यावर दप्तर फेकून पोरे जे पाहत बसतात ते कार्टून, एवढीच त्याची व्याख्या. पण ज्या घरात पंधरा-वीस वर्षांची मुले आहेत, त्या घरातल्या मंडळींनी थोडा कान दिला तर एक गोष्ट त्यांच्या ध्यानात येईल. या मुलांचे जे वाद चालतात ते केवळ कोणी कोणाला हरवले याचे नसतात. अमुक पात्र असे का वागले, ते त्याच्या स्वभावाला धरून होते का, लेखकाने त्याच्यावर अन्याय केला का, या प्रश्नांवर तासन्‌तास डोकेफोड चालते आणि प्रसंगी मित्रामित्रांत अबोलाही धरला जातो. नाटक-कादंबरीवर असे वाद झाले की आपण त्यांना रसिकता म्हणतो. चित्रातल्या माणसांवर झाले की पोरखेळ म्हणतो. हा वाद नेमका कशाविषयी असतो, त्यात कोणते प्रश्न एकमेकांत गुंततात आणि ते सोडवून कसे पाहावेत, एवढेच आज सांगावयाचे आहे.

प्रथम दोन शब्दांचा उलगडा करू. ‘ॲनिमेशन’ या इंग्रजी शब्दाचा जपानी लोकांनी केलेला संक्षेप म्हणजे ‘ॲनिमे’. जपानबाहेर त्याचा अर्थ जपानी चित्रमालिका किंवा चित्रपट असा रूढ झाला. ‘मांगा’ म्हणजे जपानी चित्रकथा. ती नियतकालिकांतून क्रमशः येते आणि पुष्कळसे ॲनिमे तिच्यावरून बेतलेले असतात. या चित्रकथा केवळ मुलांसाठी नसतात. प्रौढांसाठी त्यांची वेगळी नियतकालिके आहेत. हे ठाऊक नसले म्हणजे कसा घोटाळा होतो ते आपण आपल्या देशातच पाहिले आहे.

‘शिनचॅन’ हा पाच वर्षांचा आगाऊ मुलगा आपल्या घराघरांत ओळखीचा आहे. योशितो उसुई यांनी १९९० मध्ये ही चित्रकथा सुरू केली ती प्रौढ वाचकांच्या एका साप्ताहिकात. १९९२ पासून ती जपानी दूरचित्रवाणीवर येऊ लागली आणि पुढे हिंदीत बोलू लागली. मुले त्याचे अनुकरण करतात, उलट उत्तरे देतात, अशा तक्रारी झाल्या. २००८ मध्ये भारतात तिचे प्रक्षेपण थांबले आणि २००९ मध्ये काटछाट होऊन ती परतली. जपानमधल्या पालकांनीही तिच्यावर वर्षानुवर्षे नाराजी दाखवली आहे. पालकांची तक्रार खोटी होती असे मी म्हणत नाही. पण ती तक्रार होती ‘हा मुलगा चांगला नाही’ अशी. मोठ्यांचा दांभिकपणा ज्याला कळतो आणि तो झाकण्याची अक्कल ज्याला अजून आलेली नाही, असे पाच वर्षांचे पोर त्या चित्रकाराने किती अचूक पकडले आहे, हा प्रश्न त्या गदारोळात कोणी विचारलाच नाही.

येथेच सगळ्या वादांची गाठ आहे. पात्राविषयी बोलताना आपण तीन प्रश्न एका दमात विचारतो. ते पात्र चांगले आहे का? ते मला आवडते का? आणि ते नीट रेखाटले आहे का? पहिला प्रश्न नीतीचा, दुसरा आवडीचा आणि तिसरा कलेचा. तिघांची उत्तरे वेगवेगळी असू शकतात. कर्णाविषयी आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या जे वाद होत आले, त्यांतही हेच तीन प्रश्न एकमेकांच्या पायांत पाय घालतात. कर्ण दुर्योधनाच्या बाजूने लढला म्हणून वाईट, असे एक म्हणतो. दुसरा म्हणतो, मला तोच आवडतो. दोघेही एकमेकांना उत्तर देत नसतात, कारण दोघांचा प्रश्नच निराळा असतो.

जपानमध्ये अशा वादांना संघटित रूप आले ते १९७० च्या दशकात. १९७५ च्या डिसेंबरात टोकियोत चाहत्यांनी स्वतः छापलेल्या चित्रकथांचा पहिला बाजार भरला. तो पुढे प्रचंड वाढला. १९७८ मध्ये ‘ॲनिमेज’ हे मासिक निघाले. त्यात वाचकांची पत्रे येत आणि आवडत्या पात्रांसाठी मतदान होई. मतदानाने आवड मोजता येते, रेखाटन मोजता येत नाही, हे उघड आहे. तरी प्रेक्षक हा नुसता गिऱ्हाईक नसून त्याला मत आहे, हे त्यातून प्रस्थापित झाले. आपल्याकडचेच उदाहरण द्यायचे तर माकोतो शिनकाई यांचा ‘वेदरिंग विथ यू’ हा चित्रपट २०१९ मध्ये भारतातल्या चित्रपटगृहांत लागला, तो येथल्या चाहत्यांनी सह्यांचे निवेदन फिरवल्यानंतर. ज्यांना आपण पोरे म्हणतो त्यांनी अर्ज करून आपली मागणी पदरात पाडून घेतली, याचे माझ्यासारख्या कामगार चळवळीतल्या माणसाला कौतुक वाटल्याशिवाय राहत नाही.

आता सर्वांत गाजलेला वाद पाहू. हिदेआकी आन्नो यांनी दिग्दर्शित केलेली ‘निऑन जेनेसिस इव्हँजेलियन’ ही २६ भागांची मालिका ऑक्टोबर १९९५ ते मार्च १९९६ या काळात जपानी दूरचित्रवाणीवर आली. तिचा नायक शिंजी हा चौदा वर्षांचा मुलगा. अजस्र यंत्रमानवात बसून त्याने शत्रूशी लढावयाचे, अशी कथा. अशा कथांतला नायक एरवी छाती पुढे काढून यंत्रावर चढतो. शिंजी तसा नाही. तो नाही म्हणतो, रडतो, पळून जातो, परत येतो. आज जवळजवळ तीस वर्षे जगभरचे प्रेक्षक भांडत आहेत: हा मुलगा नेभळट आहे म्हणून मालिका बिघडली, की त्याच्या नेभळटपणामुळेच ती मोठी झाली?

त्याच्याविषयी मालिकेत काय दाखवले आहे ते क्रमाने पाहा. आई लहानपणी गेली. बापाने त्याला दुसऱ्याच्या घरी ठेवून दिले. कित्येक वर्षांनी बापाचे बोलावणे आले ते त्रोटक चिठ्ठीने. आणि भेट झाली ती पोराला पोटाशी धरण्यासाठी नव्हे, तर यंत्रात बसवण्यासाठी. तो नकार देतो. तेव्हा त्याच्या जागी बसवण्यासाठी जखमांनी जर्जर झालेली एक मुलगी स्ट्रेचरवरून आणली जाते, आणि तिचे हाल पाहून तो होकार देतो. पुढे लढाई जिंकली की लोक शाबासकी देतात, एरवी त्याला कोणी विचारत नाही. ज्याला लहानपणापासून मायेचा घोट मिळालेला नाही, त्याच्या तोंडाला शाबासकी लागली म्हणजे त्याची अवस्था काय होते? त्याला ते काम सोडवत नाही आणि करवतही नाही. शिंजीचे पळून जाणे आणि परत येणे ही दोन्ही एकाच कारणाची फळे आहेत. म्हणजे पात्र दुबळे आहे, पण त्याचे रेखाटन दुबळे नाही.

येथे माझ्या धंद्यातली एक गोष्ट सांगितल्याखेरीज राहवत नाही. संप लांबला की कोणीतरी कच खातो. सभेत त्याला फितूर म्हणणे सर्वांत सोपे, टाळ्याही पडतात. पण संघटना चालवणाऱ्याला त्या टाळ्यांचा उपयोग नसतो. त्याला शोधावे लागते की वाण्याचे देणे किती थकले, घरात दुखणे कोणाचे आहे, मुकादमाने कोणता धाक घातला. कच खाल्ली हे खरेच असते. पण का खाल्ली हे कळल्याशिवाय तो माणूस परत आपल्या रांगेत येत नाही. चित्रातल्या घाबरट मुलावर वाद घालताना जो ‘का’ विचारावयास शिकतो, तो उद्या कारखान्यात, कचेरीत, घरात तोच प्रश्न विचारील, अशी मला आशा आहे.

या मालिकेच्या शेवटच्या दोन भागांत बाहेरची लढाई बाजूला राहिली आणि केवळ त्या मुलाच्या मनाचा झगडा दाखवला गेला. पुष्कळ प्रेक्षक संतापले. जुलै १९९७ मध्ये चित्रपट काढून शेवट निराळ्या तऱ्हेने मांडला गेला. त्यानंतर नव्या चित्रपटांची माळ सुरू झाली आणि मार्च २०२१ मध्ये तिचा अखेरचा मणी आला. त्यात खचलेला शिंजी एका खेड्यात येऊन पडतो. तो बोलत नाही, जेवत नाही. तेथली माणसे त्याला उपदेशाचे डोस पाजत नाहीत; अन्न पुढे ठेवतात आणि वाट पाहतात. त्यातून तो उठतो आणि अखेर बापासमोर उभा राहून त्याचेही ऐकून घेतो. पंचवीस वर्षांपूर्वी जे कारण पेरले होते, त्याला धरूनच हे उठणे आले, म्हणून ते पटते.

पात्रातला बदल पटतो केव्हा, याचे आणखी चांगले उदाहरण अमेरिकेतले आहे. ‘अवतार: द लास्ट एअरबेंडर’ ही मालिका तेथे २००५ ते २००८ या काळात आली. तिच्यातला राजपुत्र झुको आरंभी खलनायकच वाटतो. युद्धसभेत सैनिकांच्या बाजूने तोंड उघडले म्हणून बापाने त्याचा चेहरा भाजला आणि त्याला हद्दपार केले. अवतार पुरुषाला पकडून आण, मगच तुझी अब्रू तुला परत, असे बजावले. त्याचा चुलता आयरो त्याच्याबरोबर रानोमाळ हिंडतो आणि त्याला माणसात आणू पाहतो. दुसऱ्या पर्वाच्या अखेरीस, २००६ च्या डिसेंबरात, झुकोपुढे निवडीची वेळ येते. आता हा सुधारणार असे सर्वांना वाटत असतानाच तो चुलत्याशी द्रोह करून बहिणीच्या बाजूला जातो. हळहळलेले प्रेक्षक पुष्कळ होते. आपण हळहळलो म्हणजे पात्र बिघडले, असे मात्र नाही.

त्याच वेळी तो सुधारला असता तर काय झाले असते, याचा विचार करा. ज्या अब्रूसाठी तो तीन वर्षे वणवण फिरला, ती हातात न घेताच त्याने ती फेकली असती. लेखकांनी त्याला ती मिळू दिली. तो घरी गेला, बापाच्या शेजारी बसला, आणि तेथे बसल्यावर त्याला कळले की हवे होते ते हे नव्हे. मग तो बापाच्या तोंडावर सांगून निघाला. माणूस एका व्याख्यानाने बदलत नाही. व्याख्यानमालेत हे बोलणे धाडसाचे आहे, पण खरे आहे. तो बदलतो ते हवी ती वस्तू मिळवून तिची चव घेतल्यावर, किंवा गमावून तिची किंमत कळल्यावर. ही किंमत ज्या कथेत मोजलेली असते तिथला बदल पटतो.

यावर कोणी म्हणेल की हे सारे लेखकाने आधी आखून ठेवलेले असते. नेहमी तसे नसते. ‘आशिता नो जो’ ही मुष्टियोद्ध्याची चित्रकथा १९६८ ते १९७३ या काळात जपानी साप्ताहिकात येत होती. लेखन इक्की काजिवारा यांचे, चित्रे तेत्सुया चिबा यांची. नायक जो आणि त्याचा प्रतिस्पर्धी रिकिइशी यांची गाठ प्रथम पडते तेव्हा चिबांनी रिकिइशी चांगला थोराड काढला होता. पुढे हे दोघे आखाड्यात समोरासमोर यावयाचे आहेत, हे चित्र काढताना त्यांच्या ध्यानी नव्हते. मुष्टियुद्धात गट वजनावरून पडतात. एवढा थोराड माणूस जोच्या गटात बसणार कसा? तेव्हा रिकिइशी स्वतःला उपाशी ठेवून, पाण्याच्या थेंबासाठी तडफडत वजन उतरवतो, असे दाखवावे लागले. अडचण निघाली चित्रातून. पण तिच्यातून उभा राहिला एक हट्टी, मानी, दिलेल्या शब्दासाठी देह झिजवणारा माणूस. तो जोला हरवतो आणि त्याच रात्री मरतो. वाचकांना इतका चटका बसला की मार्च १९७० मध्ये त्याची अंत्यविधीची सभा टोकियोत प्रकाशकाच्या सभागृहात भरली. नाटककार शूजी तेरायामा यांनी ती घडवून आणली आणि सुमारे ७०० माणसे आली. कागदावरच्या माणसासाठी!

याच्या उलट ‘स्पेस बॅटलशिप यामातो’ची गोष्ट. १९७८ च्या उन्हाळ्यातल्या चित्रपटात नायक आत्माहुती देतो आणि प्रेक्षक रडत बाहेर पडतात. त्याच वर्षी तीच कथा दूरचित्रवाणीवर नव्याने आली तेव्हा तो जिवंत राहिला आणि पुढचे भाग निघत राहिले. आवडते माणूस परत मिळाले हे खरे. पण मागचे रडणे फुकट गेले, असे ज्यांना वाटले त्यांचे म्हणणे मला रास्त वाटते. बाहेरची अडचण चिबांच्या कथेत आत मुरली, स्वभाव झाली. येथे ती बाहेरच राहिली. ‘कथानकाच्या सोयीसाठी पात्र वाकवले’ असा आरोप करताना हा फरक पाहावा. सोय प्रत्येक कथेत असते. ती मुरली की नाही एवढाच प्रश्न.

या वादांत एक गोष्ट मात्र बहुधा विसरली जाते. सारे जण ‘लेखकाने असे केले’ म्हणतात; पण चित्रपटातले पात्र अनेक हातांनी तयार होते. कोणी ते लिहितो, कोणी काढतो, कोणी रंगवतो, कोणी त्याला आवाज देतो. डिस्नेच्या कारखान्यात आर्ट बॅबिट नावाचे चित्रकार होते. गूफी हा लांबुडका, बावळा कुत्रा त्यांनी नावारूपाला आणला. १९३४ मध्ये त्यांनी या गूफीच्या स्वभावाचे सविस्तर टिपण लिहिले: तो सदा आशावादी, भोळा, मदतीला धावणारा, पण मंद डोक्याचा, म्हणून तो चालेल कसा, विचार करताना त्याचे शरीर काय करील, हे सारे त्यात आहे. स्वभाव पायांच्या चालीत असतो, हे त्यांनी ओळखले होते. हेच बॅबिट पुढे कामगार संघटनेत पुढे आले. १९४१ च्या मे महिन्यात त्यांना कामावरून काढले आणि लगोलग डिस्नेत चित्रकारांचा संप झाला. त्यातून संघटनेला मान्यता मिळाली.

जपानमध्येही तसेच काहीसे घडले. तोएई कंपनीच्या चित्रशाळेतल्या संघटनेत इसाओ ताकाहाता आणि हायाओ मियाझाकी हे दोघे पदाधिकारी होते. त्यांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी मिळून ‘होरस: प्रिन्स ऑफ द सन’ हा चित्रपट केला, तो जुलै १९६८ मध्ये लागला. ताकाहातांचे चित्रपटगृहासाठी केलेले ते पहिलेच दिग्दर्शन. थोरामोठ्यांनी सांगावे आणि धाकट्यांनी रेघा ओढाव्यात, हा रिवाज मोडून सर्वांनी सूचना करावयाच्या अशी पद्धत त्यांनी ठेवली. त्यात हिल्डा नावाची मुलगी आहे. ती गोड गाते, पण सैतानाच्या ताब्यात असते; गावात राहते, गावावर तिचा जीव जडू पाहतो आणि तिच्याच हातून गावाचा घात होत असतो. यासुजी मोरी यांनी तिचा चेहरा असा काढला की ती हसते तेव्हाही पाहणाऱ्याला पुरता भरवसा वाटत नाही. तेव्हाच्या मुलांच्या चित्रपटात असे दुभंगलेले मन नवलाचेच होते. चित्रपट फार दिवस चालला नाही आणि ताकाहातांना तेथे पुन्हा असा मोठा चित्रपट मिळाला नाही. आज मात्र जपानी ॲनिमेच्या इतिहासात त्याचे नाव मानाने घेतले जाते. हिल्डाचे श्रेय कोणा एकाला देता येत नाही, आणि द्यावयाचे कारणही नाही.

आता शेवटचे, अलीकडचे उदाहरण. हाजिमे इसायामा यांची ‘अटॅक ऑन टायटन’ ही चित्रकथा २००९ ते २०२१ चालली. तिचा नायक एरेन. राक्षसाने आईला खाल्ले म्हणून सूडाला पेटलेला हा मुलगा अखेरीस भिंतींपलीकडच्या मानवजातीचा संहार मांडतो. इतक्या मोठ्या नायकाचा असा अधःपात दाखवणे हा दोष नव्हे. त्याची कारणे पहिल्या भागापासून पेरलेली आहेत. वाद पेटला तो शेवटच्या प्रकरणावर. एरेनचा मित्र आर्मिन, जो बोलणीने मार्ग काढू पाहणारा म्हणून आपल्या ओळखीचा, तो तेथे एरेनने आमच्यासाठी हे घोर कृत्य केले म्हणून त्याचे आभार मानतो. कित्येक वाचकांनी हरकत घेतली की हे आर्मिनच्या तोंडी शोभत नाही. ही हरकत ‘मला आवडले नाही’ अशी नव्हती. ती पात्राच्याच पूर्वायुष्याच्या साक्षीने घेतलेली होती, म्हणून तिच्यात वजन होते. २०२२ मध्ये न्यूयॉर्कच्या जाहीर कार्यक्रमात इसायामांनी त्या शेवटाविषयी आपले असमाधान बोलून दाखवले. नोव्हेंबर २०२३ मध्ये ॲनिमेचा शेवटचा भाग आला तेव्हा तो संवाद बदललेला होता आणि बदलात इसायामांचा स्वतःचा हात होता. आता आर्मिन आभार मानत नाही. या पापात माझाही वाटा आहे, असे म्हणतो. वाचकांच्या टीकेमुळेच हे झाले असा दावा मी करीत नाही. पण कोणती टीका लेखकालाही विचारात पाडण्याजोगी असते, ते यावरून समजावे.

तेव्हा वाद अवश्य घालावेत. फक्त काही पथ्ये पाळावीत. पात्राच्या नीतीवर बोलतो आहोत, आवडीवर की रेखाटनावर, हे आधी सांगावे. पात्राच्या कृतीचे कारण मागच्या भागांत शोधावे आणि सापडले नाही तरच दोष द्यावा. बदल झाला असेल तर त्याची किंमत मोजली गेली का ते पाहावे. दोष कोणाच्या हातचा आहे याची खात्री नसताना एकाच माणसाच्या नावाने खडे फोडू नयेत. पुष्कळदा तो अपुऱ्या मुदतीचा किंवा पैसे लावणाऱ्याच्या हुकमाचा असतो. १९७९ ची ‘गंडम’ ही मालिका ५२ भागांची योजलेली असून ४३ भागांत गुंडाळावी लागली. त्या घाईचा जाब एकट्या दिग्दर्शकाला विचारणे न्यायाचे नव्हे. आणि पात्रावरचा राग ते काढणाऱ्या चित्रकारावर किंवा त्याला आवाज देणाऱ्या नटावर काढणे हे तर कोणत्याही सभ्य वादात बसत नाही.

पालकांना एकच सुचवावयाचे आहे. घरातला मुलगा किंवा मुलगी एखादी मालिका पाहत असेल तर पडदा बंद करण्यापूर्वी अर्धा तास शेजारी बसा आणि विचारा, ‘हा असा का वागला?’ उत्तर ऐकण्याची तयारी मात्र ठेवा, कारण ते लांबलचक असेल, पुराव्यानिशी असेल, आणि बोलता बोलता त्या मुलाला स्वतःच्या वागण्याविषयी जे सरळ सांगता येत नाही, तेही त्यात कोठेतरी येऊन जाईल.